टाइप ई

तो रकाना आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि लाइट दोनदा जाऊन आली होती. महाराष्ट्राच्या एमबीएच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा अर्ज; त्या प्रक्रियेला सगळे कॅप म्हणतात. नाव, जन्मतारीख, दहावी, बारावी असं सरळ चाललेलं असतं आणि मधेच तो विचारतो, तुमच्या उमेदवारीचा प्रकार कोणता? ए, बी, सी, डी, ई. ए म्हणजे महाराष्ट्रात शिकलेले, तिथलेच. बी, सी, डी हे आईवडील कुठले रहिवासी, कुणाच्या नोकरीत, कुठं बदलीवर, यावरून ठरतात. आणि शेवटचा ई : महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतून शिकलेला, त्याच भागात राहणारा आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार.

मी येळ्ळूरची. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाजवळचं गाव. ‘वादग्रस्त’ हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. सभेत, पेपरात, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत. त्याच्यापुढं टिचकी मारायचा चौकोन असतो हे मात्र पहिल्यांदाच बघितलं. मारली टिचकी. आणि पुढचे तीन आठवडे ती निस्तरत बसले.

आधी एमबीएचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं बी.कॉम. २०२२ मध्ये झालं आणि मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला लागले. बिडाचं ओतकाम. पंपांचे, व्हॉल्व्हचे भाग. अप्पा त्याच भागात दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, त्यामुळं सकाळी त्यांच्याच गाडीवर मागं बसून जायचं. माझ्याकडं टॅलीतल्या एंट्र्या, ई-वे बिल, जीएसटीची रिटर्नं, आणि खरं काम म्हणजे वसुली. आमच्या बऱ्याच पार्ट्या कोल्हापूरच्या. शिरोली, गोकुळ शिरगाव. माल चार दिवसांत पोचायचा, पैसे चार महिन्यांनी. फोन केला की तिकडून एकच उत्तर, ‘मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ ही मीटिंग दोन वर्षं चालली होती.

मग आला ४३बी(एच). आयकर कायद्यातलं हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला आणि करार असेल तर पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. म्हणजे ३१ मार्चला आमचं बिल थकलेलं राहिलं तर त्याच्यावर टॅक्स त्यांना बसणार. आमच्या फौंड्रीचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, होतं. फेब्रुवारी उजाडला आणि मीटिंगमधले साहेब बाहेर यायला लागले. एका पार्टीनं तर उलटं सुचवलं : तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करा, म्हणजे दोघांच्याही डोक्याची कटकट जाईल. आमच्या शेठना मी तो फोन स्पीकरवर ऐकवला. त्यांनी तोंडातलं पान थुंकायला बाहेर जाऊन आल्यावर विचारलं, ‘आपण असं का करायचं?’ मी कागदावर आकडे मांडून दाखवले की आपण असं का करायचं नाही. तेव्हा जी मजा आली, ती पुढं शिकावी असं वाटलं. एवढंच कारण. मुलाखतीसाठी पुढं मी हेच कारण बऱ्याच जड शब्दांत लिहिलं, पण खरं एवढंच होतं.

दोन दारं होती. एक कर्नाटकाचं, पीजीसीईटी. शंभर प्रश्न, शंभर गुण, दोन तास. दुसरं महाराष्ट्राचं, एमबीए सीईटी. दोनशे प्रश्न, अडीच तास. त्यातले पंच्याहत्तर तर्काचे, पंचवीस आकृत्यांचे, पन्नास गणिताचे, पन्नास इंग्रजीचे. कॅटचा विचार मी अर्जाची फी बघूनच सोडला. दोन्ही परीक्षांना चुकीला गुण कापत नाहीत, हा माझ्यासारखीला मोठा आधार. अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. संध्याकाळी साडेसहाला घरी, जेवण, मग मोबाइलवर व्हिडिओ आणि घड्याळ लावून पेपर. इंग्रजीनं रडवलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स एकदम इंग्रजीत, तेव्हापासून मी वाचते इंग्रजी, समजते इंग्रजी, पण शब्दांचे बारकावे विचारले की हात टेकते.

महाराष्ट्राची परीक्षा रविवारी, १० मार्च २०२४ ला, कोल्हापूर केंद्र. म्हणजे वसुलीच्या ऐन धामधुमीत. शनिवारी दुपारी शेठना सांगून निघाले आणि कागलला मावशीकडं मुक्काम केला. इथं त्या प्रवासाचं सांगायलाच पाहिजे, कारण पुढं सात-आठ वेळा तोच केला.

कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे, शक्ती योजनेत, २०२३ च्या जूनपासून. पण तो राज्यातल्या राज्यात. कोल्हापूरच्या बसमध्ये बसलं की पूर्ण तिकीट. म्हणून शहाणी बाई बेळगावच्या बसस्टँडवर कोल्हापूरची गाडी धरतच नाही, निपाणीची धरते. कंडक्टर म्हणतो, ‘आधार तोरसरी अक्का,’ आपण आधार दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. निपाणीला उतरायचं. तिथं महाराष्ट्राची लाल गाडी धरायची. महाराष्ट्रातही एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीत. म्हणजे हद्दीपर्यंत पूर्ण, पुढं अर्धं. एका बाईचा एका दिवसाचा प्रवास : फुकट, पूर्ण, अर्धं. पहिल्या खेपेला मी कंडक्टरला विचारलं, ‘मी कर्नाटकची आहे, चालतंय काय अर्धं?’ तो म्हणाला, ‘बाई असलं की झालं. कुठली ते कोण विचारतंय?’ त्या अख्ख्या प्रक्रियेत मला कुठली हे न विचारणारा तो एकटा माणूस.

पेपर शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होता. दोनशे प्रश्नांना दीडशे मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. हे गणित मी घरी शंभरदा केलं होतं, तरी एका बैठक-व्यवस्थेच्या कोड्यावर सहा मिनिटं घालवली. गोल टेबलाभोवती आठ माणसं, कुणी आत तोंड करून, कुणी बाहेर. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा चौतीस प्रश्न उघडलेच नव्हते. गुण कापत नाहीत म्हटल्यावर सगळीकडं तिसरा पर्याय ठोकला. निकालात एक्याण्णव पर्सेंटाइल आले. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेला नव्याण्णवच्याही वर लागतात, त्यामुळं तिकडं बघायचं कारण नव्हतं. पण कोल्हापूर-सांगलीला भरपूर होते.

निकालानंतर फोन सुरू झाले. बेंगळुरातून, पुण्यातून. ‘मॅम, डायरेक्ट ॲडमिशन, मॅनेजमेंट कोटा, शेवटच्या चार सीट.’ महिनाभर त्या चार सीट चारच राहिल्या. अप्पांनी एकदा फोन उचलला आणि पलीकडच्या पोरीला विचारलं, ‘तुझं लग्न झालं काय गं?’ त्यानंतर त्या नंबरवरून फोन आला नाही.

पुण्याच्या एका खासगी संस्थेचा अर्ज मात्र मी मनापासून भरला. तिथं उद्देशपत्र लिहायचं होतं, पाचशे शब्दांत, इंग्रजीत. पहिल्या खर्ड्यात मी ‘लहानपणापासून मला व्यवस्थापनाची आवड होती’ असं लिहिलं. लहानपणी मला फक्त राजहंसगडावर जाऊन बोरं खायची आवड होती. तो खर्डा फाडला आणि ४३बी(एच)ची हकीगत लिहिली, शेठच्या पानासकट. पान शेवटी काढलं.

मुलाखत व्हिडिओवर झाली. तिघे जण. पहिला प्रश्न अर्थातच, ‘बेळगाव, म्हणजे कर्नाटक. मग महाराष्ट्र का?’ मी याचं उत्तर पाठ केलं होतं. १९५६ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, ८६५ गावं. सगळं तारखांसकट. आणि मी ते सांगायला लागले तसे त्यांचे चेहरे विझत गेले. त्यांना इतिहास नको होता, माझं कारण पाहिजे होतं. तिसऱ्या वाक्यावर मीच थांबले आणि म्हटलं, ‘सर, आमच्या मालाचे पैसे कोल्हापुरात अडकतात. ते का अडकतात हे तिकडून बघायचं आहे.’ मग मुलाखत खरी सुरू झाली. उधारीचे दिवस किती, रिजेक्शन किती टक्के, नाकारलेला माल परत भट्टीत टाकला तर तोटा कशाचा धरायचा. मी म्हटलं, बीड परत मिळतं, वीज मिळत नाही. हेस्कॉमचं बिल दुसऱ्यांदा येतं. त्यातल्या मॅडम हसल्या. निवड झाली. दोन वर्षांच्या फीचा आकडा आला तो अप्पांनी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि कागद माझ्याकडं दिला. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

आता कागद.

कर्नाटकाच्या बाजूचे कागद मला अवघड गेले नाहीत, कारण त्यांची सवय होती. सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला, ग्रामीण कोट्यासाठी. जातीचा दाखला, नाडकचेरीतून, म्हणजे तिथल्या महसूल कचेरीतून. त्यावर आरडी नंबर असतो, तो अर्जात टाकला की त्यांच्या संगणकाला आपोआप कळतं. आम्ही मराठा, कर्नाटकात ३बी या मागासवर्गीय गटात. या तीन कागदांसाठी पाच फेऱ्या झाल्या. त्यातल्या एका कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ हे सकाळी साडेअकराला ऐकलं आणि दुपारी साडेतीनलाही ऐकलं. तरी झालं सगळं. कन्नड मला बोलता येतं, वाचता येतं. शाळेत शिकलोच की. कारकुनाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोललं की काम लवकर होतं, हा अनुभव आहे आणि यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही. आमच्यातल्या काही जणांना वाटतो, त्यांचं त्यांच्यापाशी.

महाराष्ट्राच्या बाजूला हा सगळा संच निरुपयोगी. ३बीचा दाखला तिकडं नुसता कागद, मी ओपन. सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा पुरावा तर तिथं उलटा गुन्हाच. तिथं लागणारे कागद वेगळे. एक, आपलं गाव सीमाभागात असल्याचा दाखला. दोन, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला. ठरलेल्या नमुन्यांत. हे नसतील तर ऑल इंडियाच्या मोजक्या जागांत अख्ख्या देशाशी भांडायचं.

मातृभाषेचा दाखला सोपा वाटला. माझ्या शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेचा रकाना आहे. मुख्याध्यापकांकडं गेले. ते माझेच गणिताचे सर. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, माझ्या नावावर बोट ठेवलं, पुढं ‘मराठी’ लिहिलेलं दाखवलं. मग म्हणाले, ‘तुझी आई हितं भरती करायला आली तेव्हा काय बोलत होती म्हाईत हाय? मी नवीन लागलो होतो. मी कन्नडात विचारलं तर म्हणाली, मास्तर, नीट बोला की.’ सही झाली, शिक्का झाला. आमच्या पट्ट्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, मांडवात बसायला जागा मिळत नाही. त्या गावच्या पोरीनं मराठी असल्याचा शिक्का मारून घ्यायचा, हे घरी सांगितलं तर आजी म्हणाली, ‘कुणाला दाखवायचाय? महाराष्ट्राला? त्यांना ठाऊक न्हाई?’

गाव सीमाभागात असल्याचा दाखला मात्र आठवडाभर पुरला. विचार करा, इकडचा अधिकारी कशाला लिहून देईल की हे गाव वादात आहे? त्याच्या लेखी ते वादात नाहीच. येळ्ळूरच्या वेशीत ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक होता. २०१४ च्या जुलैत तो काढला, त्यावरून लाठ्या चालल्या. मी तेव्हा तेरा वर्षांची, आम्हांला घराबाहेर सोडलं नव्हतं. त्या गावाचं नाव घेऊन कचेरीत जायचं आणि असला कागद मागायचा, म्हणजे समोरच्याची भुवई वर जाणारच. एकानं तर सरळ सांगितलं, ‘असला नमुना आमच्याकडं न्हाई, आणि असता तरी दिला नसता.’ मला त्याचा राग नाही आला. त्याच्या खुर्चीत बसून मीही तेच म्हटलं असतं.

शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी हात दिला. त्यांनी गेल्या वीस वर्षांत किती पोरांच्या अशा फायली हलवल्या असतील याची गणती नाही. इंजिनिअरिंगची, मेडिकलची, डी.एड.ची. ते मला म्हणाले, ‘पोरी, घाबरू नको. आधी माहितीपुस्तिका काढ. नमुना ह्या वर्षीचाच पाहिजे. मागच्या वर्षीचा छापून नेलास तर तिथनं परत.’ सही कुणाची आणली हे मी इथं लिहीत नाही; लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या पोरांची वाट बंद व्हायची.

मग नाव. आमच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आपलं नाव, मग वडिलांच्या नावाचं एक इंग्रजी अक्षर, मग आडनाव असतं. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव. महाराष्ट्राचा अर्ज आडनावापासून सुरू होतो. तीन कागदांवर मी तीन वेगळ्या बायका. शिवाय दोन वर्षांचा खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र. खंड कसला, मी पगार घेत होते! पण शिक्षणाच्या कागदात नोकरीला खंडच म्हणतात.

तपासणी घरबसल्या ऑनलाइन होऊ शकते, नाहीतर केंद्रावर समोरासमोर. गुरुजींनी बजावलं होतं, टाइप ईवाल्यानं समोर जावं. न बोलता कागद गेला की परत येतो. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन पावसात, कोल्हापूर गाठलं. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली होती. राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात लहान पोरही सांगतं. बसमध्ये सगळे मोबाइलवर फुटांचा आकडाच बघत होते. आई दर अर्ध्या तासाला फोन करून विचारत होती, ‘रस्ता हाय काय?’ मावशीनं तर सांगितलं की अडकलीस तर अडकलीस, घर आहे.

केंद्रावर तपासनीस सर चाळिशीचे, शांत. टाइप ई वाचल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्यानं वर बघून कुठंतरी फोन लावला. तोवर त्यांनी माझा रहिवासी दाखला हातात घेतला. नाडकचेरीचा, अख्खा कन्नडमध्ये. त्यांनी तो उलटा धरला होता. मी हळूच सुलटा केला.

‘हे काय लिहिलंय?’

मी वाचून दाखवलं. कन्नड वाचायचं, मराठीत सांगायचं. बेळगाव तालुका, येळ्ळूर ग्राम, इतक्या वर्षांपासून वास्तव्य. ते म्हणाले, तुम्ही बरोबरच वाचत असाल, पण मला कसं कळणार? नोटरी केलेलं भाषांतर आणा. म्हणणं रास्त होतं. बाहेर रस्त्याच्या पलीकडं एक टायपिंगवाला होता, त्याला कन्नडचं अक्षर ठाऊक नाही. मी ओळ ओळ सांगत गेले, त्यानं टंकलं, शेजारच्या वकिलानं न वाचता शिक्का मारला. म्हणजे मी इथं राहते हा दाखला महाराष्ट्रासाठी मराठीत माझा मीच लिहिला. आणि तो चालला! तासाभरानं सर म्हणाले, ‘झालं. अर्ज कन्फर्म.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पूर आहे, लवकर निघा. तुमचं बेळगाव लांब आहे.’ तुमचं बेळगाव, असं म्हणाले. सभेत तिकडचे पुढारी आपलं बेळगाव म्हणतात. ते आठवून बसमध्ये एकटीच हसले.

पीजीसीईटी त्याआधीच, जुलैच्या मध्यात झाली होती. बेळगावातच केंद्र, अप्पांनी गाडीवरून सोडलं, दोन तासांत बाहेर. पेपर सोपा गेला. ३बी आणि ग्रामीण, दोन्ही धरून शहरातल्या कॉलेजात जागा मिळेल असं सगळेच म्हणत होते. बेळगावात एमबीएची कॉलेजं पुष्कळ, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयसुद्धा इथंच. घरचं जेवण, घरची झोप, फौंड्रीचं काम अर्धवेळ चालू ठेवता येईल. अप्पांचं मत स्पष्ट होतं : ‘हितं काय कमी हाय?’ आणि खरं सांगायचं तर काही कमी नव्हतं. दोन्हीकडं शिकवणार इंग्रजीतच, पुस्तकं तीच. मराठीसाठी कोल्हापूर, असलं काही मी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं.

अडचण तारखांची झाली. पर्याय भरताना मी नऊ कॉलेजं टाकली. त्या वर्षी नियम असा होता की पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की. खालचा मिळाला तर घ्या, नाहीतर पुढच्या फेरीसाठी थांबा. पहिल्या फेरीत सांगलीचं आलं, चौथा पर्याय. थांबले. दुसऱ्या फेरीत कोल्हापूरचं आलं, माझा दुसरा पर्याय. आता जागा स्वीकारायचे पैसे भरून हजर व्हायला मोजके दिवस, आणि कर्नाटकाच्या जागावाटपाला अजून वेळ होता. तिकडं थांबावं तर इकडची जाते, इकडं घ्यावी तर मूळ मार्क्स कार्डं कॉलेजात जमा होतात आणि तिकडच्या पडताळणीला हातात काही उरत नाही.

दोन रात्री घरात हाच विषय. आईच्या संघाची बचत किती, अप्पांचा पीएफ किती, हॉस्टेल की खोली. अप्पा कागदावर दोन रकाने पाडून बसले होते. इकडं बेळगाव, तिकडं कोल्हापूर. बेळगावच्या रकान्यात नऊ गोष्टी झाल्या, कोल्हापूरच्या रकान्यात दोन. तो कागद मी अजून ठेवलाय. दुसऱ्या रात्री त्यांनीच विचारलं, ‘तुला तिकडं का जायचंय ते एकदा नीट सांग. भाषण न्हाई पाहिजे.’ मी म्हटलं, ‘अप्पा, दोन वर्षं मी ज्यांना फोन केले, त्यांच्या आफिसात मला एकदा आतनं बसून बघायचंय. पैसे अडवायचं कोण ठरवतंय ते.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आणि मग काय करणार? तूबी अडवणार?’ मी म्हटलं, ते अजून ठरवलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली. ‘जा मग. शेठना आधी सांग, परस्पर कळायला नको.’

शेठनी निरोपाला पाचशेची नोट आणि पेढे दिले आणि थकलेल्या पार्ट्यांची यादीही दिली. ‘तिकडंच हाईस तर जाता जाता विचार.’ त्यातल्या दोन कॉलेजच्या वाटेवरच आहेत.

कर्नाटकाचा पर्याय भरायचा मेसेज नंतर आला. मी तेव्हा वर्गात होते. वाचला, पुसला नाही, तसाच ठेवला.

कॉलेजचा पहिला दिवस म्हणजे ओळख करून द्यायची. प्रत्येकानं उठून इंग्रजीत तीन वाक्यं. मी बेळगाव सांगितलं, फौंड्री सांगितली, बसले. मधल्या सुट्टीत शेजारच्या दोघी मराठीत बोलत होत्या, मी त्यांच्यात गेले. आमच्या बोलण्यात ‘की’ फार येतं, ‘हितं-तितं’ येतं, वाक्य शेवटाला जरा वर जातं. मी म्हटलं, ‘डबा खाऊया की, भूक लागलीय.’ त्यातली एक, साताऱ्याकडची, माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाली, ‘कर्नाटकची असून मराठी किती छान बोलतेस गं! कुठं शिकलीस?’

दाखला आहे माझ्याकडं, मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. आणि दाखवायचा म्हटलं तरी पंचाईतच होती, तो कॉलेजच्या ऑफिसात जमा होता.